मानवी मेंदू : रचना, कार्ये आणि वेळेचे मोल

पेडणे तालुक्यातील जत्रांत देवाची पालखी देवळात परतली की रात्री उशिरा दशावतारी नाटक उभे राहते. या रंगभूमीला लिखित संहिता नसते. आख्यान कोणते लावायचे हे ठरलेले असते. संवाद मात्र नट जागच्या जागी रचतो. समोरच्या पात्राचे वाक्य त्याच्या कानी पडते, अर्थ लागतो, पुराणातील दाखला आठवतो, उत्तर जुळते आणि ओठांवर येते. त्याच वेळी मृदंगाच्या ठेक्यावर पावले पडत असतात, हातातील तलवार फिरत असते आणि चेहऱ्यावर राग किंवा करुणा उमटत असते. पहाटेपर्यंत चालणारा हा सारा व्यवहार ज्या अवयवावर उभा असतो, त्याचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे दीड किलोपेक्षाही कमी असते. तो अवयव म्हणजे मेंदू.

मेंदूची कामे सर्वांना ढोबळमानाने ठाऊक असतात. कोणते काम मेंदूच्या कोणत्या भागात चालते, हे मात्र शाळेतील विज्ञानाचे पुस्तक मिटल्यावर बहुधा विस्मरणात जाते. ही माहिती केवळ परीक्षेपुरती नाही. एखाद्या सकाळी घरातील वडीलधाऱ्या माणसाचा उजवा हात लुळा पडतो, बोलणे अडखळते, तेव्हा घरची मंडळी हाताला तेल चोळू लागतात. वस्तुतः हातात काहीच बिघडलेले नसते. बिघाड डोक्याच्या डाव्या बाजूस झालेला असतो आणि तेथे मिनिटामिनिटाला हानी वाढत असते. मेंदूचा नकाशा ज्याला थोडाफार ठाऊक आहे, तो तेलाची बाटली बाजूला ठेवतो आणि १०८ क्रमांक फिरवतो. या लेखात प्रथम तो नकाशा पाहू आणि नंतर त्याचा उपयोग.

कवच आणि आवरणे

मेंदू कवटीच्या हाडांच्या पेटीत सुरक्षित असतो. हाडाच्या आत एकाखाली एक अशी तीन आवरणे असतात. सर्वांत बाहेरचे आवरण जाड व चिवट, मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे विरळ, तर सर्वांत आतील अतिशय तलम आणि मेंदूच्या प्रत्येक घडीला बिलगलेले असते. या आवरणांचा दाह म्हणजे मेनिंजायटिस, ज्याला मराठीत मस्तिष्कावरणदाह म्हणतात.

मधल्या आणि आतील आवरणाच्या दरम्यान पाण्यासारखा स्वच्छ मस्तिष्क-मेरुद्रव खेळत असतो. प्रौढ माणसात हा द्रव कोणत्याही क्षणी सुमारे १५० मिलिलिटर असतो. दिवसभरात मात्र तो जवळपास अर्धा लिटर तयार होतो आणि तेवढाच रक्तात शोषला जातो. मेंदू या द्रवात जणू तरंगतो, त्यामुळे लहानसहान धक्के त्याला जाणवत नाहीत. जोराच्या आघातापुढे मात्र ही व्यवस्था अपुरी पडते. दुचाकीवरून पडलेल्या माणसाची कवटी फुटलेली नसतानाही आतील मऊ मेंदू हाडावर आदळून दुखावू शकतो, आवरणांमधील रक्तवाहिनी फाटून रक्त साचू शकते. म्हणूनच अपघातानंतर माणूस उठून बसला, बोलला, चहा प्यायला, एवढ्यावरून तो सुखरूप आहे असे मानता येत नाही. काही तासांनी उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी सुरू झाली, तर आत रक्त साचत असण्याची शक्यता असते आणि रुग्णालय गाठणे आवश्यक ठरते.

मोठा मेंदू

कवटी उघडल्यावर दिसणारा, अक्रोडाच्या गरासारखा घड्याघड्यांचा भाग म्हणजे मोठा मेंदू, अर्थात प्रमस्तिष्क. मेंदूचा बहुतांश भाग यानेच व्यापलेला आहे. त्याचे उजवा आणि डावा असे दोन अर्धगोल असून चेतातंतूंचा एक जाड पट्टा त्यांना जोडतो. पृष्ठभागावरील करड्या रंगाच्या थराला बाह्यक म्हणतात. त्याची जाडी अवघी दोन ते चार मिलिमीटर असते. घड्यांमुळे मोठे क्षेत्रफळ लहान जागेत मावते. पसरलेले वस्त्र चुरगाळून लहान पेटीत बसवावे, तसा हा प्रकार आहे.

प्रत्येक अर्धगोलाचे चार मुख्य खंड मानले जातात.

कपाळामागील भाग म्हणजे ललाटखंड. नियोजन, निर्णय, संयम, सामाजिक भान ही त्याची कामे. १८४८ साली अमेरिकेत फिनिअस गेज नावाच्या रेल्वे कामगाराच्या डोक्यातून सुरुंगाच्या स्फोटामुळे लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, चालू-बोलू लागला. पण पूर्वीचा शिस्तीचा माणूस उतावळा आणि बेपर्वा झाल्याचे त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नोंदवले. स्वभावालाही मेंदूत जागा आहे, हे वैद्यकाला दाखवून देणारी ही गाजलेली घटना ठरली. ललाटखंडाच्या मागील कडेला हालचालींची पट्टी असते. ओठ, जीभ, बोटे, हात, पाय यांना हलण्याचे आदेश तेथून निघतात. बोटे आणि ओठ यांची कामे नाजूक असल्याने या पट्टीवर त्यांना शरीरातील आकाराच्या मानाने कितीतरी अधिक जागा मिळालेली आहे.

त्यामागे, डोक्याच्या वरच्या बाजूस, भित्तिखंड आहे. स्पर्श, वेदना, उष्णता यांच्या संवेदना येथे पोहोचतात आणि आपले शरीर अवकाशात कोठे, कसे आहे याचे भान येथे राखले जाते. कानांच्या वर, दोन्ही बाजूंना शंखखंड आहेत. ऐकणे, आवाज ओळखणे, चेहरे ओळखणे आणि स्मृती यांच्याशी त्यांचा संबंध आहे. सर्वांत मागे पश्चकपालखंड आहे आणि त्याचे मुख्य काम दृष्टी. डोळे पुढे असले तरी दिसण्याची क्रिया डोक्याच्या मागच्या बाजूस पूर्ण होते. त्यामुळे डोळे पूर्ण निरोगी असतानाही या खंडाला इजा झाल्यास माणसाला दिसेनासे होऊ शकते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. हालचालीचे आदेश वाहणारे बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी एका बाजूचे दुसऱ्या बाजूस जातात. म्हणून डावा अर्धगोल शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा अर्धगोल डावी. उजवा हात लुळा पडला तर शोध डाव्या मेंदूत घ्यावा लागतो, तो यामुळे.

भाषेची जागा

१८६१ साली पॅरिसमधील शल्यविशारद पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण आला. त्याला सांगितलेले समजत असे. पण तोंडून ‘तान’ हा एकच उच्चार निघे. त्याच्या मृत्यूनंतर ब्रोका यांनी मेंदू तपासला, तेव्हा डाव्या ललाटखंडातील एका भागाला इजा झालेली आढळली. १८७४ मध्ये जर्मनीतील कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकारच्या रुग्णांचे वर्णन केले. ते अस्खलित बोलत, परंतु बोलण्याला अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना उमगत नसे. त्यांच्या मेंदूतील इजा डाव्या शंखखंडाच्या मागील भागात होती. शब्द घडवणे आणि शब्द समजणे या दोन क्रियांत निरनिराळ्या जागांचा वाटा असतो, हे यातून स्पष्ट झाले. भाषेचे जाळे या दोन जागांपुरते मर्यादित नाही, हे पुढील संशोधनाने दाखवले. तथापि बहुतेक माणसांत भाषेचा मुख्य कारभार डाव्या अर्धगोलातच चालतो, हे आजही खरे आहे.

घरी कोंकणी, वर्तमानपत्र मराठी, कचेरीत इंग्रजी, बाजारात हिंदी असा व्यवहार गोमंतकीयाच्या अंगवळणी पडलेला आहे. प्रत्येक वेळी योग्य भाषा निवडायची आणि इतर भाषांना आवर घालायचा, हा मेंदूचा व्यायामच होय. हैदराबाद येथील ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्या रुग्णांत आजाराची सुरुवात एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे त्यात आढळले. भाषा शिकल्याने आजार टळतो, असा त्याचा अर्थ नव्हे. पण आपल्या बहुभाषिकतेकडे ओझे म्हणून पाहणाऱ्यांनी ही बाब जरूर विचारात घ्यावी.

आतील केंद्रे : स्मृती, भय आणि गंध

मोठ्या मेंदूच्या गाभ्यात काही लहान, पण अत्यंत महत्त्वाची केंद्रे आहेत. त्यांतील थॅलॅमस हे संवेदनांचे मध्यवर्ती ठाणे होय. दृष्टी, श्रवण, स्पर्श यांची वार्ता तेथे येते आणि तेथून बाह्यकातील आपापल्या जागी पोहोचते. याला गंध हा अपवाद आहे. वासाची वार्ता थॅलॅमसला वळसा घालून स्मृती व भावना यांच्या केंद्रांपर्यंत थेट जाते. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या भट्टीजवळून जाताना हुर्राकाचा वास येतो आणि चाळीस वर्षांपूर्वीचे आजोळ डोळ्यांपुढे उभे राहते, त्यामागे ही रचना आहे.

थॅलॅमसच्या खाली हायपोथॅलॅमस असतो. आकाराने तो बदामाएवढा. परंतु भूक, तहान, झोप, शरीराचे तापमान आणि पीयूषिका ग्रंथीमार्फत बहुतेक संप्रेरके यांवर त्याचे नियंत्रण चालते.

शंखखंडाच्या आतील बाजूस हिप्पोकॅम्पस आहे. नव्या आठवणी पक्क्या करण्याचे काम तो करतो. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलायसन या तरुणाच्या मेंदूतील दोन्ही बाजूंचा हा भाग फेफऱ्यावरील उपाय म्हणून काढण्यात आला. त्याची बुद्धी शाबूत राहिली, बालपण आठवत राहिले. परंतु त्यानंतर भेटलेला कोणताही माणूस त्याच्या स्मरणात टिकला नाही. २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो जवळजवळ क्षणाक्षणातच जगला. अल्झायमर आजारात या भागाची हानी आरंभीच होते. आजोबांना पोर्तुगीज राजवटीतील शाळेची कविता आठवते, पण सकाळी जेवलो की नाही ते आठवत नाही, याचे कारण हे आहे. हा हट्ट नव्हे की खोटे बोलणे नव्हे.

हिप्पोकॅम्पसच्या पुढे अमिग्डला हे भयाचे केंद्र आहे. त्याचे उदाहरण पेडण्याच्या शेजारच्या बार्देश तालुक्यातच मिळते. कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेले जुझे कुस्तोदियो द फारिया, म्हणजेच आबे फारिया, १७७१ मध्ये वडिलांबरोबर पोर्तुगालला गेले. तेथे राणीसमोर प्रवचनास उभे राहिल्यावर त्यांची वाचाच बसली, तेव्हा जवळ बसलेल्या वडिलांनी ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’ असे कोंकणीत पुटपुटताच त्यांना कंठ फुटला, अशी आख्यायिका आहे. आजच्या शरीरशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर अमिग्डलाने धोक्याची घंटा वाजवली होती आणि वडिलांच्या शब्दांनी ललाटखंडाला ती घंटा बंद करण्यास साह्य केले. समोरचे दरबारी लोक बदलले नव्हते. त्यांच्याविषयीची मेंदूची समजूत बदलली होती.

पुढे हेच फारिया पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करू लागले. संमोहन करणाऱ्याच्या देहातून काही चुंबकीय द्रव वाहतो, अशी त्या काळी अनेकांची समजूत होती. फारिया यांनी ती नाकारली आणि ही निद्रा संमोहित होणाऱ्याच्या स्वतःच्या मनात, सूचनेच्या प्रभावाने उत्पन्न होते असे प्रतिपादन केले. १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ते निवर्तले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी उभा असलेला, १९४५ मध्ये बसवलेला त्यांचा पुतळा शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला. बांबोळी येथील मनोविकार व मानवी वर्तन संस्थेचे पूर्वरूप असलेले रुग्णालयही फारिया यांच्याच नावाने ओळखले जात असे.

लहान मेंदू

डोक्याच्या मागच्या बाजूस, मोठ्या मेंदूच्या खाली लहान मेंदू, म्हणजे अनुमस्तिष्क असतो. वजनाने तो एकूण मेंदूच्या सुमारे दहावा हिस्सा. परंतु मेंदूतील सुमारे ८६०० कोटी चेतापेशींपैकी जवळपास ८० टक्के पेशी एकट्या लहान मेंदूत दाटलेल्या आहेत.

तोल सांभाळणे आणि हालचालींत नेमकेपणा आणणे हे त्याचे काम. माडावर चढणारा पाडेली एका हाताने बुंधा धरतो, पायांनी खाचेचा अदमास घेतो आणि दुसऱ्या हाताने कोयता चालवतो. हालचाल करण्याचा आदेश मोठ्या मेंदूतून येतो. परंतु पाऊल किती उचलायचे, वजन केव्हा कोणत्या पायावर टाकायचे, याची क्षणोक्षणीची दुरुस्ती लहान मेंदू करतो. सवयीने ही हालचाल इतकी मुरते की तिच्याकडे लक्षही द्यावे लागत नाही. मद्यपान केलेल्या माणसाची चाल डगमगते आणि जीभ जड होते, कारण मद्याचा परिणाम लहान मेंदूवर लवकर होतो. अशा स्थितीत दुचाकीचा तोल आपण नेहमीसारखा सांभाळू, हा विश्वास म्हणूनच फसवा असतो.

मस्तिष्कस्तंभ

मेंदूच्या तळाशी, मेरुरज्जूला जोडणारा देठासारखा भाग म्हणजे मस्तिष्कस्तंभ. मध्यमस्तिष्क, सेतू आणि लंबमज्जा हे त्याचे तीन भाग. श्वास, हृदयाची गती, रक्तदाब, गिळणे, खोकणे, जागृती यांचे नियंत्रण येथून होते. झोपेतही श्वास चालू राहतो तो या भागामुळे. चेहरा, डोळे, जीभ, घसा यांच्याशी संबंधित मस्तिष्क-चेतांच्या एकूण बारा जोड्या आहेत आणि त्यांतील बहुतेक येथूनच निघतात. त्याखाली मेरुरज्जूतून चेतांच्या ३१ जोड्या निघून साऱ्या शरीरात पसरतात. मोठ्या मेंदूच्या एखाद्या भागाला इजा झाली तरी माणूस जगू शकतो. मस्तिष्कस्तंभाला झालेली लहान इजाही प्राणघातक ठरू शकते.

चेतापेशी आणि त्यांचा संवाद

मेंदूचे मूळ एकक म्हणजे चेतापेशी. तिच्या एका टोकाला फांद्यांसारखे तंतू असतात. ते इतर पेशींकडून संदेश घेतात. दुसऱ्या टोकाला एक लांब तंतू असतो. तो संदेश पुढे नेतो. पेशीच्या आत संदेश विजेच्या स्वरूपात धावतो. मेदाचे वेष्टन असलेल्या जाड तंतूंत त्याचा वेग सेकंदाला सुमारे १२० मीटरपर्यंत जातो. दोन पेशी एकमेकींना बहुधा चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फट असते. ती ओलांडण्यासाठी पहिली पेशी डोपामिन, सेरोटोनिन, ग्लुटामेट यांसारखी रसायने सोडते. नैराश्य, कंपवात, फेफरे यांवरील अनेक औषधे याच फटीच्या परिसरात काम करतात. मानसिक आजारावर गोळी कशी चालेल, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. मन दुखावते तेव्हा त्याचे पडसाद रसायनांत उमटतात आणि रसायने बिघडली की मनही बिघडते.

वारंवार वापरल्या जाणाऱ्या पेशींमधील दुवे बळकट होतात; न वापरलेले क्षीण होतात. शिकणे म्हणजे हेच. ही लवचीकता बालपणी सर्वाधिक असली तरी उतारवयातही संपत नाही. पक्षाघातानंतर व्यायामाने आणि वाचा-उपचाराने गेलेली क्षमता काही अंशी परत मिळते ती या गुणामुळे. मेंदूचा केवळ दहा टक्केच भाग आपण वापरतो, या लोकप्रिय समजुतीला मात्र कोणताही आधार नाही. मेंदूचा प्रत्येक भाग कामाचा आहे. म्हणूनच कोणत्याही भागाची हानी कोणत्या ना कोणत्या रूपाने जाणवते.

रक्तपुरवठा आणि पक्षाघात

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के. परंतु शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. त्याच्याजवळ साठा जवळजवळ नसतो. त्यामुळे रक्ताचा प्रवाह पूर्ण थांबला तर काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत कायमची हानी सुरू होते. मानेतून वर जाणाऱ्या चार धमन्या, दोन पुढच्या आणि दोन मागच्या, हा पुरवठा करतात. मेंदूच्या तळाशी त्यांच्या शाखा एकत्र येऊन एक वर्तुळ बनते. सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांचे नाव त्याला दिलेले आहे.

यांपैकी एखाद्या शाखेत गुठळी अडकते किंवा ती शाखा फुटते, तेव्हा पक्षाघात होतो. आपल्याकडील रूढ शब्द अर्धांगवायू असा आहे. शरीराच्या अर्ध्या अंगात वायू शिरला, ही जुनी कल्पना त्या शब्दात टिकून आहे. शब्द वापरण्यास हरकत नाही. त्यातील कल्पनेने मात्र घात होतो. वायू अंगात शिरला असे मानणारा माणूस अंग चोळतो, शेक देतो, लेप लावतो, रात्र सरण्याची वाट पाहतो. रक्तवाहिनी बंद झाली असे जाणणारा माणूस वाहन बोलावतो.

या दोन वागण्यांतील अंतर मोजता येते. मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्यास उपचाराअभावी सरासरीने दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ते देण्याआधी सीटी स्कॅन अनिवार्य असतो, कारण रक्तवाहिनी बंद झाली आहे की फुटली आहे, हे बाहेरून कळत नाही आणि फुटलेली असल्यास हेच औषध घातक ठरते. निवडक रुग्णांत नळी घालून गुठळी काढण्याचा उपाय त्यानंतरही काही तास करता येतो.

लक्षणे ओळखणे अवघड नाही. माणसाला हसायला सांगावे. चेहऱ्याची एक बाजू ओघळलेली दिसते का पाहावे. दोन्ही हात समोर उचलायला सांगावे. एक हात खाली येतो का पाहावे. एखादे साधे वाक्य म्हणायला सांगावे. शब्द अडखळतात किंवा भलतेच येतात का ऐकावे. यांपैकी एक जरी खूण अचानक दिसली तरी थांबू नये. एकाएकी तोल जाणे, एका बाजूचे दिसेनासे होणे, आजवर कधी न झालेली तीव्र डोकेदुखी याही धोक्याच्या खुणा आहेत. काही मिनिटांत सारे पूर्ववत झाले, तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तो मोठ्या झटक्यापूर्वीचा इशारा असू शकतो.

पेडण्यातून बांबोळीपर्यंत

राज्यातील सर्वांत मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालय. १८४२ मध्ये पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारी ही संस्था असून मेंदूविकार आणि मेंदूची शस्त्रक्रिया यांचे विभाग तेथे आहेत. पेडणे शहरापासून ते पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. हणखणे, इब्रामपूर यांसारख्या आतल्या गावांतून हे अंतर आणखी वाढते. तेरेखोलच्या रहिवाशाला केरीस यायचे तर नदी ओलांडावी लागते. दिवसा महामार्गावर वाहतूक असते, रात्री वाहन मिळण्याची अडचण असते.

समजा, रात्री दहा वाजता लक्षणे दिसली आणि घरच्यांनी सकाळपर्यंत वाट पाहिली. बांबोळीस पोहोचेपर्यंत दहा तास उलटतील आणि इंजेक्शनची मुदत केव्हाच संपलेली असेल. त्याऐवजी पहिल्या दहा मिनिटांत १०८ ला दूरध्वनी झाला, तर प्रवास आणि तपासणी धरूनही मुदतीत उपचार मिळण्याची शक्यता राहते. अंतर कमी करणे आपल्या हाती नाही. घरातून निघायला लागणारा वेळ मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.

म्हणून काही गोष्टी ध्यानात असाव्यात. रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला, ती वेळ लिहून ठेवावी. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते, त्यामुळे पाणी, चहा, औषध काहीही तोंडावाटे देऊ नये. घरातील ॲस्पिरिनची गोळी मनाने देऊ नये. शुद्ध नसल्यास कुशीवर निजवावे. चालू असलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर घ्याव्यात. सीटी स्कॅनची सोय नसलेल्या ठिकाणी निष्कारण वेळ दवडू नये. कोठे न्यायचे हे १०८ च्या कर्मचाऱ्यांना विचारावे.

मेंदूची राखण

पक्षाघाताचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण म्हणजे उच्च रक्तदाब. तो दुखत नाही, खुपत नाही. म्हणून गोळ्या मध्येच बंद केल्या जातात. मधुमेह, तंबाखू आणि अतिमद्यपान ही त्याची साथीदार कारणे. रक्तदाब नियमित मोजणे आणि गोळ्या न चुकवणे, यांपेक्षा स्वस्त मेंदूसंरक्षण दुसरे नाही. दुचाकीवर मागे बसणाऱ्यानेही शिरस्त्राण घालावे. त्याची कवटी चालकाच्या कवटीहून कठीण नसते.

मेंदूचा आणखी एक शत्रू रेबीज. कुत्र्याच्या चाव्यातून शिरलेला विषाणू चेतातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. तो तेथे पोहोचून लक्षणे दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. तो वाटेत असतानाच लस द्यावी लागते. म्हणून चावा लहान असला तरी जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. या लढ्यात गोव्याने देशापुढे उदाहरण ठेवले आहे. मिशन रेबीज आणि राज्य सरकार यांच्या मोहिमेत वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांचे लसीकरण होऊ लागले. कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात नमूद आहे.

स्मृतिभ्रंशाबाबतही गोव्यात महत्त्वाचे काम झाले आहे. अशा रुग्णांची देखभाल करणाऱ्या कुटुंबीयांना प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आधार दिल्यास त्यांचा मानसिक ताण हलका होतो, हे गोव्यातील एका चाचणीने दाखवले. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. हा आजार बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. परंतु आजाऱ्याचे विसरणे हा त्याचा दोष नव्हे, तर मेंदूच्या एका भागाची झीज आहे, हे समजले की घरातील आवाज खाली येतो आणि सांभाळ सुसह्य होतो.

मेंदूला स्वतःला वेदना होत नाही; वेदना जाणणारी टोके त्याच्या गरात नसतात. त्याची व्यथा तो दुसऱ्या अवयवांच्या तोंडून सांगतो: ओघळलेल्या ओठातून, गळून पडलेल्या हातातून, भलत्याच शब्दातून. ही भाषा घरातील एका तरी माणसाला वाचता आली पाहिजे. या लेखातील चेहरा, हात आणि बोलणे या तीन खुणा आणि १०८ हा क्रमांक घरातील लहानथोरांना आजच सांगून ठेवावा.